मासुन्तेला जायचं तर: मेक्सिकोतल्या कासवांच्या गावी पाहुणं कसं व्हावं

मेक्सिकोत समुद्र बघायला निघालेली आपली माणसं बहुतेक कानकुनला जातात. मोठं हॉटेल, पोहण्याचा तलाव आणि मनगटावरच्या पट्ट्यावर दिवसभर खाणंपिणं, असं ज्यांना हवं असतं त्यांनी तिकडंच जावं. मी लिहितेय ते मासुन्तेबद्दल. हे गाव देशाच्या दुसऱ्या बाजूला, पॅसिफिकच्या काठावर, वाहाका राज्यात आहे. एक मुख्य रस्ता, त्यातून समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या, मागे झाडीचे डोंगर आणि पुढे खोल निळं पाणी.

मी मंडणगड तालुक्यातली. कासवांच्या हंगामात आमच्याकडे पाहुणे उतरतात, त्यांचं जेवणखाण आणि अंथरूण-पांघरूण मी बघते. भाची टेक्ससमध्ये असते. तिच्याकडे गेले की सवड काढून आम्ही दोघी खाली मेक्सिकोत उतरतो. त्यामुळे पुढचं सगळं मी प्रवासी म्हणून सांगतेय तसंच घरात पाहुणे ठेवणारी बाई म्हणूनही.

आधी गावाची गोष्ट समजून घ्या. कुठं राहायचं, काय खायचं, कुणाच्या होडीत बसायचं, हे सगळं तिच्यावरच ठरतं. शेजारच्या सान आगुस्तिनियोत कासवांचा कत्तलखाना होता. मांस, कातडं, तेल असा मोठा धंदा होता आणि आजूबाजूच्या गावांचं पोट त्यावर चालायचं. मे १९९० मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं समुद्री कासवं पकडण्यावर आणि त्यांच्यापासून केलेल्या वस्तू विकण्यावर संपूर्ण बंदी घातली. कासवांसाठी ते अत्यंत गरजेचं होतं, पण गावाचा रोजगार एका फटक्यात गेला. मग १९९४ मध्ये मासुन्तेत सरकारी कासव केंद्र लोकांसाठी उघडलं. त्याच दशकात ‘द बॉडी शॉप’च्या अनिता रॉडिक यांच्या मदतीनं गावकऱ्यांनी साबण, शाम्पू, मलमं बनवायची सहकारी संस्था काढली. ती अजून चालते. ऑक्टोबर १९९७ मध्ये पॉलीन वादळानं किनारा झोडपला आणि घरं पुन्हा बांधावी लागली. ३० मे २०२२ ला आगाथा वादळ इथून जवळच, पुएर्तो आंहेलच्या पश्चिमेला जमिनीवर आलं आणि पुन्हा तेच झालं. मधल्या काळात, २०१५ साली, सरकारनं मासुन्तेला ‘पुएब्लो माखिको’ म्हणजे जपावं असं खास गाव ठरवलं, आणि पर्यटक वाढले.

थोडक्यात, मारलेल्या कासवावर जगणारं हे गाव आता जिवंत कासवावर जगतं. आमच्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा तिथंही हाच प्रश्न होता: अंडी विकून मिळायचे ते पैसे आता कुठून येणार? पाहुण्यांकडून, हेच त्याचं उत्तर निघालं. म्हणून मासुन्तेत तुमचा प्रत्येक पेसो कुणाच्या हातात पडतो याला महत्त्व आहे. तो गावातल्या माणसाच्या हातात पडेल असं बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कधी जावं

नोव्हेंबरात जा. त्याचं कारण सांगते. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर. तेव्हा डोंगर हिरवेगार असतात, खोल्या स्वस्त मिळतात, पण रस्ते चिखलाचे होतात, उकाडा आणि डास फार, आणि वादळाची टांगती तलवार डोक्यावर राहते. कासवं मात्र नेमकी तेव्हाच येतात. मासुन्तेच्या पश्चिमेला असलेल्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा ‘अरिबाडा’ म्हणजे हजारोंनी एकदम अंडी घालायला येणं हे मुख्यत्वे पावसाळ्याच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंत चालतं. आपल्याकडे असा अरिबाडा ओडिशात, गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला होतो. कोकणात एकेकटी मादी येते. नोव्हेंबरात पाऊस सरलेला असतो, झाडी अजून सुकलेली नसते आणि कासवांचा हंगामही संपलेला नसतो.

डिसेंबर ते मार्च हवा उत्तम आणि हंपबॅक व्हेल दिसण्याचा काळ. पण नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा. त्या दिवसांत निम्मं मेक्सिको समुद्रावर असतं. मार्चपासून मेपर्यंत पाण्याची टंचाई. खोल्यांना टँकरनं पाणी येतं. आंघोळ आटोपती घ्या, कपडे रोज धुवायला काढू नका. मार्च-एप्रिलमध्ये माझ्या घरी उतरणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा असेल तर फिरायला जाण्यासाठी वेगळा व्हिसा मागत नाहीत. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना हा फार मोठा फायदा आहे. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. अमेरिकेतून जाणार असाल तर परत आत शिरण्याची मुभा देणारा व्हिसा आहे ना तेही बघा. विमानतळावर शिक्का मारताना अधिकारी किती दिवस देतो ते तिथंच, खिडकीसमोरून हलण्यापूर्वी वाचा. बॅगेत ताजी फळं, बिया, घरचा आंबा असलं काही नको, ते काढून घेतात.

मासुन्तेत रोख लागते. गावात पैसे काढायचं यंत्र आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. सुट्टीच्या गर्दीत ते रिकामं होतं. बँका पोचुत्ला या जवळच्या बाजाराच्या गावी आहेत, तिथूनच पैसे घेऊन पुढं या. यंत्र ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा, नाहीतर दर वाईट लागतो. आणि नोटा मोडून घ्या. पाचशे पेसोची नोट शहाळेवाल्यासमोर धरली तर त्याची पंचाईत होते.

कसं पोचायचं

जवळचे विमानतळ दोन: वातुल्को आणि पुएर्तो एस्कोंदिदो. दोन्हीकडे मेक्सिको सिटीहून विमानं येतात. वातुल्कोहून टॅक्सीनं तासाभराचा रस्ता आहे. पुएर्तो एस्कोंदिदोहून पोचुत्लाकडे जाणारी बस धरायची आणि ‘क्रुसेरो दे सान अंतोनियो’ या फाट्यावर उतरायचं. चालकाला चढतानाच सांगून ठेवा. फाट्यावरून मासुन्तेला सामायिक टॅक्सी किंवा कामियोनेता मिळते.

कामियोनेता म्हणजे मागे बाकं टाकलेला, वर ताडपत्री ओढलेला छोटा टेम्पो. पोचुत्ला, पुएर्तो आंहेल, सिपोलिते, सान आगुस्तिनियो, मासुन्ते अशा फेऱ्या मारतो. चढताना सगळ्यांना ‘बुएनोस दियास’ म्हणायचं, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’. उतरायचं असेल तेव्हा मोठ्यानं ‘बाखान’ म्हणायचं किंवा पत्र्यावर थाप मारायची, आणि उतरून पुढं चालकाच्या खिडकीशी जाऊन पैसे द्यायचे. बाजार करून परतणाऱ्या बायका, कोंबडीची खुराडी, शाळेची मुलं, बर्फाचे डबे, सगळं एकत्र. गाव बघायचं तर ह्याच गाडीतून बघावं.

वाहाका शहर बघून खाली येणार असाल तर दोन रस्ते आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुएर्तो एस्कोंदिदोकडे नवा महामार्ग उघडला. पूर्वी सहा-सात तास लागायचे, आता तीनेक तासांत माणूस समुद्रावर येतो. जुना रस्ता सान होसे देल पासिफिको या ढगांतल्या गावावरून पोचुत्लाला उतरतो. अख्खा रस्ता वळणांचा. आंबा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हा रस्ता घेऊच नये. ज्यांना सोसतो त्यांनी मात्र दिवसाउजेडी यावं. पाइनची थंड झाडी, मग कॉफीच्या बागा, मग केळी आणि शेवटी माड, असं सगळं एका दिवसात बघायला मिळतं. या उतरणीवरच्या प्लुमा इदाल्गोची कॉफी किनाऱ्यावर सगळीकडे मिळते. दुधाशिवाय प्या.

खोली

पहिल्या रात्रीपुरतीच खोली आधी ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पायी फिरून स्वतः बघा. पावसाळ्यात आणि नोव्हेंबरात हे सहज जमतं, डिसेंबरात जमत नाही. विचारताना सरळ विचारा की घरमालक गावातच राहतात का. किनाऱ्यावरची बरीच नवी, देखणी हॉटेलं बाहेरच्यांची आहेत. त्यात वाईट काही नाही, पण गल्लीत आत दोन मिनिटं चाललात तर अंगणातच खोल्या बांधलेली कुटुंबं भेटतात आणि पैसे थेट त्यांच्या चुलीपर्यंत जातात.

खोलीत काय बघायचं? मच्छरदाणी धड आहे का, तिला भोक नाही ना. पंखा चालतो का. वीज जाते, म्हणून वारा खेळायला खिडक्या समोरासमोर आहेत का. छप्पर झावळ्यांचं असेल तर खाली कापड ताणलंय का, नाहीतर रात्री पालींचं आणि किड्यांचं अंगावर पडतं. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा ‘गाराफोन’ खोलीत किंवा पडवीत ठेवलेला असतो. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही हेच घ्या. संडासात कागद कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले पाइप अरुंद आणि शोषखड्डे लहान असतात. आपल्याला पाणी लागतं, तेव्हा एक प्लास्टिकचा मग पोचुत्लाच्या बाजारातून घ्या.

सकाळी चप्पल-बूट झटकून घाला. विंचू असतात. संध्याकाळी पाच वाजता लांब बाह्यांचे सुती कपडे आणि डासांचं मलम, कारण डेंग्यू या किनाऱ्यावर आहे.

आणखी एक, घाबरवायला नाही, माहिती असावी म्हणून. हा सगळा पट्टा भूकंपाचा आहे. २३ जून २०२० ला वातुल्कोजवळ ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला होता. खोली घेतली की उंचावर जाणारी वाट कोणती ते यजमानांना विचारून घ्या. जोराचा, लांबलेला हादरा बसला तर भोंग्याची वाट न बघता किनारा सोडायचा आणि चढायला लागायचं.

समुद्र

इथं मी थोडी जास्त बोलणार आहे. आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवर दर वर्षी शहरातली तरणीताठी मुलं बुडतात. गावातले लोक ओरडून सांगत असतात, ‘तिकडं ओढ आहे, जाऊ नका’, आणि ऐकलं जात नाही. पॅसिफिकची ओढ आपल्या अरबी समुद्राहून फार जास्त आहे. पावलं ओली करता करता वाळू एकदम खाली उतरते आणि लाट पायातून जमीन काढून घेते.

मासुन्तेच्या मुख्य पुळणीवर लाट काठालाच आपटते. तिथं पोहता येणाऱ्यानंच उतरावं. पश्चिमेच्या टोकाला रिंकोन्सितो नावाचा कोपरा आहे, डोंगराच्या आडोशाला. लहान मुलं, साडी खोचून पाण्यात उभ्या राहणाऱ्या आज्या, सगळ्यांसाठी तोच बरा, तोही समुद्र शांत असेल त्या दिवशी. सान आगुस्तिनियोत खडकांनी पुळणीचे भाग पाडलेत, त्यातला कुठला त्या दिवशी निवांत आहे ते होडीवाल्यांना विचारा. डोंगरापलीकडची मेर्मेहिता सूर्यास्ताला सुंदर आहे. तिथं वाळूवर बसा, पाण्यात जाऊ नका. आणि सिपोलितेचा समुद्र तर माणसं गिळण्याबद्दल कुप्रसिद्धच आहे. तिथं जीवरक्षक आणि झेंडे आहेत. लाल झेंडा असला की गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही.

ओढीत सापडलात तर काठाच्या दिशेनं झगडू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करा आणि काठाला समांतर पोहत बाजूला सरका. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच काठाकडे आणतात. एप्रिल-मेमध्ये ‘मार दे फोंदो’ येतो, म्हणजे दूरच्या वादळानं इथं निरभ्र आकाशाखाली उठलेल्या मोठ्या लाटा. त्या दिवशी कोळीसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात. कोळ्यांची होडी वाळूवर दिसली की आपणही वाळूवरच राहायचं.

सिपोलितेबद्दल आणखी एक. तिथं काही लोक विवस्त्र वावरतात, ते तिथं रीतसर मान्य आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी मासुन्ते-सान आगुस्तिनियोतच थांबावं. जाणार असाल तर कॅमेरा पिशवीत, नजर सरळ.

कासवं

कासव केंद्र मुख्य रस्त्यालाच आहे. जगातल्या समुद्री कासवांच्या सात जातींपैकी सहा मेक्सिकोत आढळतात. केंद्राच्या टाक्यांमध्ये जिवंत कासवं दिसतात. आठवड्यातले काही दिवस ते बंद असतं, आदल्या दिवशी दारावरची पाटी वाचून या. इथं दोन तास द्या. ऑलिव्ह रिडले आमच्या ओळखीचं, पण बाकीच्या जातींची पाठ हातभर अंतरावरून पाहिली की लक्षात येतं, समुद्रात आपल्याला ठाऊक नसलेलं किती काही आहे.

एस्कोबियाचा किनारा मासुन्तेहून पश्चिमेला, पुएर्तो एस्कोंदिदोच्या वाटेवर आहे. ऑलिव्ह रिडलेच्या जगातल्या सर्वांत मोठ्या विणीच्या किनाऱ्यांपैकी तो एक. तो राखीव आहे, आपलं आपण जाऊन वाळूवर हिंडायचं नाही. तिथल्या गावकऱ्यांच्या गटाबरोबरच जायचं. अरिबाडा कुठल्या रात्री होईल ते आधी कुणी सांगू शकत नाही. काही रात्री चालतो आणि थांबतो, मग पुढच्या महिन्यात. ‘उद्या नक्की दाखवतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. खोलीवाल्या बाईला विचारा, तिला कुणाचा तरी फोन आलेला असतो.

रात्री गेलात तर पांढरा उजेड बंद. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधून न्या, तोही वाटाड्यानं सांगितलं तरच लावा. मादी वाळूत चढून येत असते तेव्हा तिच्या समोर उभं राहू नका; बुजली की अंडी न घालताच फिरते. एकदा अंडी पडायला लागली की ती जागची हलत नाही, तेव्हा मागून, बसून, गप्प राहून बघता येतं. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि साधारण दीड महिन्यात पिल्लं बाहेर पडतात.

संध्याकाळी पिल्लं सोडण्याचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी होतात. चांगला कार्यक्रम कसा ओळखायचा ते सांगते. पिल्लं हाताळायला देत नाहीत, करवंटीतून किंवा भांड्यातून सोडतात. ऊन उतरल्यावर सोडतात. पाण्यापासून काही पावलं अलीकडे ठेवतात, म्हणजे ती वाळू ओलांडून स्वतः जातात. थेट लाटेत टाकत नाहीत. माणसांना एका रेषेच्या मागे उभं करतात. आणि पिल्लं पाहुण्यांसाठी दिवसेंदिवस बादलीत अडकवून ठेवत नाहीत. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर तिकीट घेऊ नका, आणि का घेत नाही ते नम्रपणे सांगा. हाताला उन्हाचं मलम लागलेलं असताना पिल्लाला बोटही लावू नका.

कुणी कासवाची अंडी खायला किंवा पाठीच्या कवचाचे कंगवे-बांगड्या विकायला आणले तर घेऊ नका. मेक्सिकोत तो गुन्हा आहे आणि विमानतळावर आपणही अडकू. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एक गिऱ्हाईक मिळालं की एक घरटं उकरलं जातं.

सकाळच्या होडीच्या सफरी सान आगुस्तिनियोतून आणि मासुन्तेतून निघतात. डॉल्फिन, पाण्यावर तरंगणारी कासवं, हिवाळ्यात व्हेल. पहाटेचीच होडी घ्या, तेव्हा पाणी तेलासारखं सपाट असतं. लाइफ जॅकेट दिल्याशिवाय बसू नका. पूर्वी काही होडीवाले पर्यटकांना कासव धरून वर उचलून दाखवायचे. कुणी तसं करायला लागलं तर ‘नो, ग्रासियास, सोलो मिरार’ एवढंच म्हणा: नको, नुसतं बघायचंय.

मासुन्तेच्या पश्चिमेला ला वेंतानिया ही वाडी आहे. खाडीच्या तोंडाशी कांदळवन आणि त्यात मगरी. पॉलीन वादळात हे कांदळवन झोपलं होतं, गावकऱ्यांनी रोपं लावून पुन्हा उभं केलं. त्यांच्या संस्थेची वल्ह्यांची होडी आहे, इंजिन नाही. सकाळी लवकर किंवा चार नंतर जा. बगळे, खंड्या, फांदीवर पसरलेले इग्वाना आणि पाण्याच्या वर फक्त दोन डोळे. आपल्या कोकणातल्या खाड्यांमधली तिवरं तोडून भराव टाकणाऱ्यांना हे एकदा दाखवायला हवं.

जेवण

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. ‘के पेस्कादो आय ओय?’ म्हणजे आज कुठला मासा आहे, असं विचारा आणि जो ताजा असेल तो मागवा. हुआचिनांगो म्हणजे तांबोशाच्या कुळातला मासा, अख्खा तळून किंवा निखाऱ्यावर भाजून देतात. सेव्हिचे म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा. आपल्याला कच्चं खायची सवय नाही, तेव्हा गर्दीच्या, बर्फ भरपूर असलेल्या ठिकाणीच खा. दुपारी दोन ते चार ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते: सूप, भात, मुख्य पदार्थ, गार सरबत, ठरलेल्या पैशांत. गावातले कामगार जिथं जेवतात तिथं बसा.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा, कारण ताटात मांस दिसत नसलं तरी असतं. काळ्या घेवड्याच्या उसळीला, म्हणजे फ्रिहोलेसला, अनेकदा डुकराच्या चरबीची फोडणी असते. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, त्यांच्या पिठातही तीच. त्लायुदा ही वाहाकाची मोठी, कुरकुरीत मक्याची भाकरी; तिच्यावर ‘असियेन्तो’ नावाचा चरबीचा थर फासतात. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून नुसतं ‘मी शाकाहारी’ म्हणून भागत नाही. हे पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो; सिन मान्तेका, सिन असियेन्तो, सिन काल्दो दे पोयो, पोर फावोर.’ मांस, कोंबडी, मासे खात नाही. चरबी नको, असियेन्तो नको, कोंबडीचं पाणी नको. बायका मनावर घेतात आणि तव्यावर वेगळं करून देतात. केसियो घातलेल्या केसादिया, म्हणजे दुमडून भाजलेल्या मक्याच्या पोळ्या (केसियो म्हणजे दोऱ्यासारखं सुटणारं वाहाकाचं चीज), भोपळ्याची फुलं, निवडुंगाच्या पानांची भाजी, चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याचे गरम तोर्तिया, लाल अंबाडीचं सरबत, शहाळी, तिखट-मीठ-लिंबू लावलेला आंबा. उपाशी कुणी राहत नाही. मी मेतकुटाची पुडी नेते. गरम पांढरा भात ‘आर्रोस ब्लान्को’ म्हणून मागायचा.

पहिले दोन दिवस हिरवा सालसा थेंबानंच घ्या. तिखट खाणारी माणसं म्हणून आपल्याला वाटतं आपल्याला काय होणार, पण आबानेरो मिरचीचा ठसका वेगळा आणि उशिरा चढतो.

खाताना शेजारच्या टेबलाशी नजर झाली तर ‘बुएन प्रोवेचो’ म्हणा. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, पाहुण्याला उठवणं तिथं असभ्य. ‘ला कुएन्ता, पोर फावोर’ म्हणायचं. दहा-पंधरा टक्के वर ठेवा.

पुंता कोमेता

संध्याकाळी समुद्रात घुसलेल्या या डोंगराच्या टोकाला जा. वाहाका राज्याचं हे दक्षिणेचं टोक. वर चढणारी वाट दफनभूमीवरून जाते, अर्ध्या तासाची चाल आहे. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, पायात बंद बूट, सोबत पाणी आणि परतीसाठी विजेरी. खडकांच्या अगदी कडेला उतरू नका, लाट अंदाजापेक्षा वर येते. गावाला ही जागा पवित्र आहे. तिथं दारू, गाणी, ड्रोन नको. नेलेलं प्लास्टिक परत आणा.

विकत काय घ्यावं आणि निघताना

सहकारी संस्थेच्या दुकानातून साबण, मलमं घ्या. वजनाला हलकी, आणि वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टीतला हा तुमचा वाटा. प्लुमाची कॉफी घ्या. कापडी पिशवी जवळ असू द्या. गावातला कचरा वाहून नेण्याची सोय तोकडी आहे, तेव्हा संपलेल्या बॅटऱ्या, मलमांच्या नळ्या असलं काही तिथं टाकू नका, परत शहरात न्या.

रात्री उजेड नसलेल्या रस्त्यानं किंवा रिकाम्या पुळणीवरून एकट्यानं चालू नका. सान आगुस्तिनियोहून उशीर झाला तर टॅक्सी करा. मादक पदार्थ विकायला येणारे भेटतात, त्यांच्याशी बोलणंही नको. बाईमाणसांनी दोघी-तिघी मिळून फिरावं. आम्ही दोघी तशाच फिरलो आणि खोलीवाल्या बाईला रोज कुठं निघालोय ते सांगून जायचो. तिनं आपलेपणानं चौकशी ठेवली.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदली रात्र पुएर्तो एस्कोंदिदोत किंवा वातुल्कोत काढा. पहाटे मासुन्तेतून गाडी मिळेलच असं नाही आणि पावसात रस्ता खचतो. बसनं जाणार असाल तर पोचुत्लाहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट दोन दिवस आधी काढा, डिसेंबरात आणि ईस्टरला तर आल्याआल्याच. खोली रिकामी करताना यजमानांचा फोन नंबर आणि गल्लीची खूण लिहून घ्या, आणि आपल्या ओळखीचं कुणी पुढं जाणार असेल तर त्यांना हॉटेलच्या यादीऐवजी तोच नंबर द्या.